भाजल्यानंतर पुन्हा लेहला? विरळ हवा, जखम आणि प्रतिकारशक्ती

प्रश्न : माझे धाकटे दीर (वय २९) लेहजवळ एका बांधकाम कंपनीत साइट सुपरवायझर आहेत. जानेवारीत राहत्या खोलीत रॉकेलची बुखारी (खोली गरम ठेवायची शेगडी) पुन्हा पेटवताना भडका उडाला. छाती, मान आणि दोन्ही हात भाजले, ३२ टक्के. लेहच्या इस्पितळात पहिले उपचार झाले आणि दुसऱ्याच दिवशी विमानाने चंडीगडला हलवलं. तिथे दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात जखमेत जंतुसंसर्ग झाला, तीनदा त्वचारोपण करावं लागलं. एप्रिलपासून ते आमच्याकडे ठाण्यात आहेत. जखमा भरल्यात, फक्त डाव्या कोपराजवळ रुपयाएवढी जागा अधूनमधून ओली होते. वजन ६८ किलोंवरून ५९ वर आलंय, हिमोग्लोबिन १०.४ आहे. कंपनी म्हणते, ऑगस्टमध्ये हजर व्हा. सासूबाई म्हणतात, तिकडची स्वच्छ हवा मानवेल. मला धास्ती वाटते. विरळ हवेमुळेच इन्फेक्शन झालं का? लेहला खोलीतून बाहेर काढलं तेव्हा बोटाचं यंत्र ९४ दाखवत होतं, तरी इस्पितळात ऑक्सिजनचा मास्क का लावला? आणि प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा सुरू केलाय, तो बरोबर आहे ना?
– एक वहिनी, वर्तकनगर, ठाणे

उत्तर :

ताई, आधी निर्णयाचं बोलू. ऑगस्टमध्ये त्यांना लेहला पाठवू नका. जखम पूर्ण मिटलेली नाही, वजन नऊ किलोंनी घटलंय आणि हिमोग्लोबिन १०.४ आहे. या तिन्हींपैकी एकच गोष्ट असती, तरी आम्ही हेच सांगितलं असतं. कायमचंच जाता येणार नाही, असं मात्र नाही. कधी जाता येईल, हे कॅलेंडर बघून ठरत नाही. जखमेपर्यंत ऑक्सिजन किती पोचतो यावर ठरतं. म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, ठाण्यात असतो तितकाच. कमी असतो तो हवेचा दाब : इथे ७६० मिलिमीटर पारा, तिथे ५००च्या आसपास. त्यामुळे श्वासनलिकेत पोचलेल्या ऑक्सिजनचा दाब इथे साधारण १५० असतो, तर तिथे ९५च्या जवळपास. इमारतीवरची टाकी भरलेली असली तरी दाब नसेल तर शेवटच्या नळाला धार येत नाही, तसं हे आहे. आणि भाजलेल्या शरीरातला शेवटचा नळ म्हणजे जखम.

भाजलेल्या जागेचे तीन पट्टे असतात, हे डग्लस जॅक्सन या ब्रिटिश सर्जनने १९५३ साली दाखवलं. अगदी केंद्रातला भाग पूर्ण मेलेला असतो. सर्वांत बाहेरचा भाग नुसता लाल झालेला असतो, तो आपोआप बरा होतो. या दोघांच्या मधला पट्टा अधांतरी असतो : तिथला रक्तप्रवाह मंदावलेला असतो, पण पेशी अजून जिवंत असतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत तिथे पुरेसं रक्त आणि ऑक्सिजन पोचला तर तो वाचतो, नाहीतर तोही मरतो आणि जखम खोल जाते. विरळ हवेचा पहिला फटका इथेच बसतो. मेलेली कातडी जितकी जास्त, तितकं जंतूंना खाद्य जास्त.

दुसरा फटका थेट प्रतिकारशक्तीला बसतो. जखमेत सर्वांत आधी धावून येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्या जंतू गिळतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण गिळल्यावर त्याला मारतात कशाने, हे फारसं कुणी सांगत नाही. मारतात ऑक्सिजनने. पेशीतलं एक एन्झाइम ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतं, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे ब्लीचिंगच्या जातीचं आम्ल तयार होतं. जंतू मरतो तो त्यात. जखमेतला ऑक्सिजनचा दाब ४० मिलिमीटरच्या खाली उतरू लागला की हे रसायन बनण्याचा वेग घसरतो. पेशी हजर असते, जंतू गिळलेलाही असतो, पण मारायचं सामान नसतं. भाजलेल्या जागेतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच गोठलेल्या, भोवती सूज, त्यामुळे तिथला दाब ठाण्यातसुद्धा कमीच असतो. लेहमध्ये तो आणखी खाली जातो.

ऑक्सिजन कमी पडला की पेशींमध्ये एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं. हा शोध लावणाऱ्या ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे प्रथिन न्यूट्रोफिलचं आयुष्य वाढवतं. ऐकायला बरं वाटतं, पण भाजलेल्या माणसाच्या अंगात आधीच दाह पेटलेला असतो. वेळेवर न मरणाऱ्या या पेशी आपली पाचक रसायनं आजूबाजूच्या चांगल्या ऊतींवर सांडतात. म्हणजे दाह जास्त आणि जंतू मारण्याचं काम कमी, अशी अडचणीची जोडी जमते.

पुढच्या दिवसांत लढायचं असतं ते टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना. २० टक्क्यांहून जास्त भाजलं की पहिल्या काही दिवसांच्या दाहापाठोपाठ, कधी त्याच्या जोडीनेच, या पेशी दबतात. त्यांची वाढ मंदावते आणि दाह शमवणारे संदेश वरचढ होतात. हे समुद्रकिनारीसुद्धा घडतं. उंचीमुळे काय होतं, याचा चांगला पुरावा १९८५च्या ऑपरेशन एव्हरेस्ट-२ या प्रयोगातून मिळाला. निरोगी तरुणांना दाब-कक्षात ४० दिवस ठेवून हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याइतक्या विरळ हवेत नेलं होतं. त्यांच्या टी-पेशींची वाढण्याची क्षमता घटली, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. तो प्रयोग लेहपेक्षा कितीतरी जास्त उंचीचा होता, तेव्हा तो जसाच्या तसा तुमच्या दिरांना लावता येत नाही. पण दिशा तीच : भाजण्याने जी पेशी आधीच दबते, तिलाच विरळ हवाही दाबते.

आतड्याचंही असंच. मोठ्या भाजण्यात शरीर मेंदू आणि हृदयाकडे रक्त वळवतं आणि आतड्यावर काटकसर करतं. आतड्याचं अस्तर ढिलं पडलं की आतले जंतू आणि त्यांची विषं रक्तात झिरपू लागतात. म्हणूनच अशा रुग्णाला पहिल्या दिवसापासून नळीने का होईना, थोडं थोडं अन्न पोटात देतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. इन्फेक्शन विरळ हवेमुळेच झालं, असं म्हणता येणार नाही. ३२ टक्के भाजणं हे स्वतःच दोनदा संसर्ग व्हायला पुरेसं कारण आहे. कातडीची भिंत पडलेली, टी-पेशी दबलेल्या, अंगात नळ्या, आणि इस्पितळातले चिवट जंतू, विशेषतः स्युडोमोनास. दुसरा आठवडा हा त्यासाठी ठरलेलाच काळ असतो. लेहमध्ये जो एक दिवस गेला त्यात मधला पट्टा थोडा जास्त मेला असण्याची शक्यता आहे. पण त्यांना दुसऱ्याच दिवशी खाली आणलं, हे अगदी योग्य झालं. तेवढ्यासाठी तिथल्या डॉक्टरांचे आभारच मानायला हवेत.

त्या घाईमागे सलाईनचंही एक कारण असतं. भाजल्यावर पहिले २४ तास रक्तवाहिन्यांतून पाणी गळत राहतं. ते भरून काढायला पार्कलंडचं सूत्र वापरतात : ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. तुमच्या दिरांसाठी ४ × ६८ × ३२, म्हणजे सुमारे ८.७ लीटर, त्यातलं निम्मं भाजल्याच्या क्षणापासून आठ तासांत. हल्ली अनेक ठिकाणी ४ऐवजी २ मिलीपासून सुरुवात करतात आणि तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा मिली लघवी होते की नाही, ते बघत वाढवतात. उंचीवर फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका वेगळा असतोच. सलाईन कमी पडलं तर जखम आणि मूत्रपिंडं कोरडी पडतात, जास्त झालं तर फुप्फुसं भिजतात. दोन्ही बाजूंची मोकळीक इतकी कमी असताना रुग्ण खाली असलेलाच बरा. विमानप्रवासात हवा आणखी विरळ होते, अशी भीती अनेक नातेवाइकांना वाटते. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीइतका ठेवलेला असतो. म्हणजे लेहच्या जमिनीपेक्षा विमानातली हवा जास्त दाट असते.

९४चा आकडा हा तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. लेहमध्ये निरोगी माणसाचा आकडा साधारण ८८ ते ९२ असतो, नवख्याचा त्याहूनही कमी. बंद खोलीत बुखारीच्या धुरातून काढलेल्या माणसाला मास्कशिवाय ९४ येणं, यात खुश होण्यासारखं काही नाही; तिथे संशयच यायला हवा. रॉकेल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो आणि बोटाच्या साध्या ऑक्सिमीटरला त्याचा लाल रंग ऑक्सिजनसारखाच दिसतो. आकडा ९४, आणि त्यातला काही भाग विषारी वायूचा, असं होऊ शकतं. खरं प्रमाण धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत कळतं. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास. मास्क त्यासाठी होता. लेहमध्ये मागे राहिलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांनाही हे सांगा : बंद खोलीतून काढलेल्या माणसाच्या बोटावरच्या चांगल्या आकड्यावर विसंबायचं नाही.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. १०० मिली रक्त किती ऑक्सिजन वाहतं, याचा हिशेब सोपा आहे : हिमोग्लोबिन गुणिले १.३४ गुणिले ऑक्सिमीटरचा आकडा टक्क्यांत. हिमोग्लोबिन १४ असलेला निरोगी माणूस ठाण्यात १८.४ मिली ऑक्सिजन वाहतो. तोच लेहला गेला आणि आकडा ८८ झाला तर १६.५. तुमचे दीर आज ठाण्यातच १३.७वर आहेत. म्हणजे वर्तकनगरच्या घरात बसून त्यांच्या रक्तात जितका ऑक्सिजन आहे, तो लेहमधल्या धडधाकट माणसापेक्षा कमी आहे. ते आत्ता लेहला गेले तर १२.३वर येतील. आणि त्यांची गरज मात्र कमी नाही, वाढलेली आहे. मोठ्या भाजण्यानंतर शरीराचा विसाव्यातला खर्च वाढतो आणि तो जखमा मिटल्यावरही वर्ष-दोन वर्षं पूर्वपदावर येत नाही. वजन उतरलं ते त्यामुळे. भरीला उंचीवर भूक मरते.

सासूबाईंना एवढंच समजावून सांगा की हवा स्वच्छ आहे हे खरं, पण जखमेला हवा ऑक्सिजनचा दाब, आणि तो तिथे नाही. शिवाय दीर म्हणतील, ‘मला लेहची सवय आहे.’ ती सवय आता राहिलेली नाही. उंचीशी जुळवून घेतलेलं शरीर खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ते सगळं सोडून देतं. ते पुन्हा गेले तर पहिल्यांदाच जाणाऱ्यासारखे जातील.

काढ्याबद्दल स्पष्टच सांगतो : गुळवेल बंद करा. २०२०च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर वाद झाला, आयुष मंत्रालयाने ते नाकारलं. पण मोठ्या आजारातून उठलेल्या आणि इतर औषधं चालू असलेल्या माणसावर असा प्रयोग नको. भाजलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती वाढते ती तीन गोष्टींनी : मिटलेली कातडी, पुरेसं प्रथिन आणि भरलेलं हिमोग्लोबिन.

प्रथिन किलोमागे किमान दीड ग्रॅम धरा, म्हणजे दिवसाला सुमारे ९० ग्रॅम. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण घरच्या ताटात तो बसतो. तीन अंडी (१८), दीडशे ग्रॅम बांगडा किंवा चिकन (३०), दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ (१३ ते १४), दोन कप दूध (१३), मूठभर शेंगदाणे (१०), चार पोळ्या (१२). हे ९५च्या आसपास जातं. श्रावणात घरात सामिष बंद होत असेल तर त्या महिन्यात माशांऐवजी १५० ग्रॅम पनीर आणि अंड्यांऐवजी वाटीभर भिजवलेले हरभरे किंवा सोयाबीनच्या वड्या द्या. उपासाची साबुदाणा खिचडी पोट भरते, प्रथिन देत नाही, म्हणून त्यांना यंदा उपास नकोच. मूत्रपिंडाचा काही त्रास झालेला असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

हिमोग्लोबिनसाठी आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि जीवनसत्त्व ड तपासा. भाजलेली कातडी उन्हात पूर्वीइतकं ड बनवत नाही, त्यामुळे ते बहुतेकदा कमीच निघतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, चहापासून दोन तास लांब. कोपराच्या जागेत पू किंवा ताप असेल तेवढे दिवस लोह थांबवतात, कारण जंतूंनाही ते हवं असतं. फेरिटिनचा आकडा दाहामुळे खोटा वाढलेला दिसतो, म्हणून त्याच वेळी सीआरपी ही दाह दाखवणारी रक्ततपासणीही करून घ्या. नाहीतर लोह भरपूर आहे असा गैरसमज होतो.

ती रुपयाएवढी ओली जागा ‘बारीकशीच आहे’ म्हणून सोडू नका. कोपर वाकताना कातडी ताणली जाते आणि कपड्याचं घर्षण होतं, म्हणून ती उघडत असावी. रोज साध्या साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, पॅराफिन गॉज (न चिकटणारी जाळीदार पट्टी) ठेवून त्यावर कोरडा गॉज बांधा. कापूस थेट लावू नका, त्याचे तंतू अडकतात. हळद, तूप, टूथपेस्ट काहीही नको. दोन-तीन आठवड्यांत सलग मिटली नाही तर बर्न्सच्या सर्जनला दाखवा, छोटं त्वचारोपण लागू शकतं. ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर तुम्हाला जवळ आहे. चंडीगडचं डिस्चार्ज कार्ड आणि जखमेच्या कल्चरचे (जंतूंच्या तपासणीचे) जुने रिपोर्ट सोबत न्या. पुन्हा संसर्ग झाला तर कोणतं अँटिबायोटिक लागू पडलं होतं, हे त्यांना लगेच कळेल.

पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा) दिवसाला २३ तास घालायचं असतं आणि ठाण्याच्या दमट हवेत ते वाळतच नाही. ओलसर घातलं की काखेत आणि कोपराच्या घडीत बुरशी येते. दोन जोड हवेतच. कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली सपाट पसरवा. इस्त्री आणि ड्रायर नको, ताण निघून जातो.

छाती भाजलेली असल्याने एक गोष्ट घरीच मोजून बघा. शिंप्याची टेप स्तनाग्रांच्या रेषेत छातीभोवती लावा. पूर्ण श्वास सोडल्यावर एक माप, खोल श्वास घेतल्यावर दुसरं. तरुण माणसात फरक साधारण ५ सेंटीमीटर किंवा जास्त यायला हवा. अडीचच्या खाली असेल तर व्रण छातीला फुगू देत नाहीत. ठाण्यात हे जाणवत नाही, लेहमध्ये पहिल्या रात्री जाणवेल. तिथे शरीर खोल आणि भरभर श्वास घेऊनच तग धरतं. फिजिओथेरपी, आणि गरज पडली तर व्रण मोकळा करण्याची शस्त्रक्रिया, हे इथे असतानाच उरकायचं.

मग जायचं कधी? आमच्या मते पुढच्या मे-जूनआधी विचारच नको. तोवर सोळा-सतरा महिने झालेले असतील, व्रण बऱ्यापैकी परिपक्व झालेले असतील आणि लेहची थंडी टळलेली असेल. त्याआधी एवढं व्हायला हवं : सलग तीन महिने अंगावर एकही ओली जागा नाही, हिमोग्लोबिन १३च्या वर, वजन निदान ६५, न थांबता चार मजले चढता येतात आणि वर पोचल्यावर ऑक्सिमीटर ९५च्या खाली जात नाही. जोडीला स्पायरोमेट्री (फुप्फुसांची तपासणी), ईसीजी आणि इको. धनुर्वाताचा बूस्टर, फ्लू आणि न्यूमोकोकसची लस निघण्याआधी किमान महिनाभर. विडी-सिगारेट असेल तर आजच बंद. तिच्या धुरातही तोच कार्बन मोनॉक्साइड असतो.

चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा. भाजल्यानंतर हृदयाची गती आवरायला प्रोप्रॅनोलॉल देतात. उंचीवर हृदयाला वेग वाढवावा लागतो, तिथे ती गोळी आड येते. खाज थांबवायला दिलेल्या गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबॅलिनने गुंगी येते आणि लेहच्या पहिल्या रात्रींत श्वास आणखी मंदावतो. उंचीसाठी जी डायमॉक्स गोळी देतात (बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून), ती सल्फा गटातली आहे. भाजल्यावर लावतात त्या पांढऱ्या सिल्व्हर सल्फाडायझीन मलमातही सल्फा असतं. त्या मलमाने कधी अंगावर पुरळ किंवा फोड आले होते का, हे आठवून सांगा. डॉक्टर त्यावरून गोळी द्यायची की नाही ते ठरवतील.

जाताना विमानाने थेट लेहला उतरू नये. श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर) आणि कारगिल (सुमारे २,७००) इथे एकेक रात्र काढून रस्त्याने जावं. मनालीचा रस्ता नको, तिथे मुक्काम लेहपेक्षाही उंचावर पडू शकतो. लेहला पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, आठवडाभर त्याहून उंचावर झोपायचं नाही. आणि साइट नक्की किती मीटरवर आहे, हे कंपनीकडून लिहून घ्या. ‘लेहजवळ’ या शब्दात ४,५०० मीटरसुद्धा बसतात. ऑक्सिमीटर न भाजलेल्या बोटाला लावायचा, हात आधी चोळून गरम करायचा, मिनिटभर थांबून आकडा वाचायचा. बोटांवर व्रण असतील तर कानाच्या पाळीवर लावायचा प्रोब मिळतो. स्वस्थ बसलेलं असताना आकडा ८०च्या खाली, बसल्या जागी धाप, चालताना तोल जाणं, किंवा नवी जखम तीन दिवसांत न मिटणं, यातलं काहीही झालं तर औषधाची वाट न बघता खाली उतरायचं.

तिथली कोरडी हवा व्रणांना फोडते. रोपण केलेल्या कातडीत घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी जवळपास नसतात, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा व्हाइट पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिन चोळावं लागतं. तिथलं ऊन इथल्यापेक्षा बरंच तिखट, तेव्हा व्रण झाकलेलेच हवेत. भाजलेल्या जागी थंडी-उष्णता नीट कळत नाही. बुखारीच्या जवळ बसून शेकताना पुन्हा भाजलेले रुग्ण असतात.

बुखारी नीट वापरली तर भडका टळतो. विझलेली वाटली तरी तिचं लोखंड तासभर तापलेलं असतं. त्यावर रॉकेल पडलं की वाफ होते आणि काडी लावताच ती एकदम पेटते. हात लावता येईल इतकी गार झाल्याशिवाय रॉकेल ओतायचं नाही, पेट्रोल कधीच नाही, झोपण्याआधी विझवायची आणि पेटलेली असेपर्यंत खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची.

कंपनीला उत्तर देताना नुसतं ‘तब्येत बरी नाही’ असं लिहू नका आणि ‘फिट’ एवढाच शेरा असलेला दाखलाही चालवून घेऊ नका. बर्न्सच्या सर्जनकडून असं लिहून घ्या : ‘समुद्रसपाटीवर हलक्या कामास योग्य, ३,००० मीटरवरील उंचीवर राहून काम करण्यास तूर्त अयोग्य, फेरतपासणी पुढील मे महिन्यात.’ सोबत तोवर सपाटीवरच्या एखाद्या साइटवर किंवा ऑफिसात काम देण्याची विनंती जोडा, आणि दोन्ही कागदांची पोच घ्या.